आधी डागाला विचारा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी पहिली चारचाकी आली. वीसेक वर्षांची मास्तरकी, पतसंस्थेचं कर्ज आणि अम्मीला यवतमाळच्या दवाखान्यात नेताना एसटीच्या पायऱ्या चढवण्याचा त्रास, या तिन्हींनी मिळून तो निर्णय घेतला होता. रंग मुलीने निवडला, गडद निळा. नेरसारख्या गावात नवी गाडी एकट्याची नसते. आठवडाभर लोक येऊन पाहत होते, पेढे मागत होते, दारं उघडून-लावून बघत होते.

नवव्या की दहाव्या दिवशी शाळेतून आलो तर बोनेटवर आणि टपावर पिवळे-तपकिरी ठिपके. मोहरीएवढे, काही जरा लांबट. ओल्या फडक्याने पुसले, अर्धे निघाले, अर्धे जागचे हलेनात. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग निदान करणाऱ्यांची रांग लागली. कुणी म्हणालं गंज आहे, तुम्हाला जुनीच गाडी रंगवून दिली. कुणी म्हणालं कबुतरं, कुणी कडुनिंबाचा चीक, कुणी शेतातली फवारणी वाऱ्याने आली. आणि एकाने आवाज खाली आणून सांगितलं, "सर, नवी गाडी कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत असेल. आजूबाजूला बघा जरा."

हे वाक्य बाकी सगळ्या निदानांना पुरून उरलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे दादा रंगकाम करतात. दिवाळीत लोकांची घरं रंगवून झाली की उरलेल्या वेळात ते स्वतःच्या घराला हात लावतात. त्या दिवसांत त्यांची शिडी आमच्या बाजूलाच उभी होती. इतक्या वर्षांचा शेजार आहे. ईदचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो, दिवाळीचा चिवडा आमच्याकडे येतो. त्यांच्या मोठ्या मुलीला दहावीला मराठीचं व्याकरण मीच शिकवलं. तरीही त्या एका वाक्यानंतर मला ती शिडी वेगळी दिसू लागली.

रविवारी भर दुपारी मी स्वतःच गाडी धुवायला घेतली. बोअरच्या पाण्याचा पाइप, भांड्यांची पावडर आणि ठिपके निघत नाहीत म्हणून स्वयंपाकघरातली घासणी. ठिपके गेले. गाडी तशीच उन्हात वाळू दिली. संध्याकाळी पाहतो तर निळ्या रंगावर पांढरी वर्तुळं. मी मनाशी ठरवूनच टाकलं की हा चुना आहे. शंका होती, आता पुरावाही मिळाला!

दादांच्या फाटकाशी जाऊन बोललो. शब्द सभ्य होते. "दादा, रंग देताना सांगितलं असतं तर गाडी झाकली असती." पण सूर सभ्य नव्हता, हे मला बोलतानाच कळत होतं. ते शिडीवरून उतरले, गाडीजवळ आले, वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "सर, यात माह्या हातचा एक बी शिंतोडा नाही. शिंतोडा कसा पडते, ते मले मालूम हाय." पुन्हा शिडीवर चढले. त्या दिवाळीला चिवडा आला, पण मुलाच्या हाती. ते स्वतः आले नाहीत.

गाडीच्या रंगावर न जाणारे डाग पडले की लोक उपाय शोधतात. मीही तेच केलं. पण उपायाआधी एक पायरी असते आणि ती आपण सगळेच गाळतो. हा डाग कशाचा आहे, हे त्या डागालाच विचारायचं. माणसाला विचारण्याची वेळ त्यानंतर.

आमच्या घरात ती पायरी चढली माझी बायको. गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तिला तसेच पिवळे ठिपके दिसले. दादांची शिडी काही गच्चीपर्यंत पोचत नव्हती. मग आम्ही मुद्दाम एक जुनी चादर पसरून ठेवली. ठिपके चादरीवर पडले, कुंडीतल्या पानांवर पडले, पाण्याच्या टाकीच्या झाकणावरही पडले. म्हणजे ते वरून येत होते आणि त्यांना आमच्या गाडीशी काहीही देणंघेणं नव्हतं. एक ठिपका खरवडून मी शाळेत नेला. विज्ञानाच्या सरांनी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आत गोल, खडबडीत कणांची गर्दी होती. परागकण! सर हसले आणि म्हणाले, "गावात आग्या मोहोळ कुठे बसलंय ते बघा."

ते उंच पाण्याच्या टाकीखाली बसलं होतं. पावसाळा संपून तूर फुलू लागली की ही मोठी मधमाशी आपल्या भागात उंच झाडांवर, पुलांखाली, टाक्यांखाली उतरते. या माश्या पोळ्यात घाण करत नाहीत, बाहेर उडून विष्ठा टाकतात आणि पुष्कळदा थव्याने टाकतात. परागकण पचल्यावर उरलेली टरफलं त्यात असतात, म्हणून तो पिवळा रंग.

या पिवळ्या ठिपक्यांनी एकदा दोन महासत्तांनाही गोत्यात आणलं होतं. 1981 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी सोव्हिएत गटावर जाहीर आरोप केला की लाओस आणि कंबोडियात विमानांतून विषारी 'पिवळा पाऊस' पाडला जातोय. पुरावा म्हणून पानांवरचे, दगडांवरचे पिवळे ठिपके दाखवले गेले. हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांनी ते तपासले तर आत परागकण निघाले, तेही आतून पोकळ, म्हणजे माशीच्या पोटातून पचून आलेले. 1984 मध्ये ते मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली यांच्यासोबत थायलंडला गेले, तेव्हा असा पिवळा पाऊस त्यांच्याच अंगावर पडला. माश्या इतक्या उंच होत्या की नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हत्या. त्या युद्धात होरपळलेल्या निर्वासितांचं दुःख खरं होतं, त्याबद्दल शंका नाही. अमेरिकेने आपला आरोप औपचारिकपणे मागेही घेतला नाही. पण ठिपक्यांपुरतं बोलायचं तर त्यांचं उत्तर आरोपात नव्हतं, सूक्ष्मदर्शकाखाली होतं. आपल्याकडेही 2002 मध्ये पश्चिम बंगालमधील संग्रामपूरला हिरवट-पिवळा पाऊस पडला आणि लोक घाबरले. तिथेही अखेर मधमाश्याच निघाल्या.

आता पांढऱ्या वर्तुळांचं. ती मीच केली होती. आपला यवतमाळ जिल्हा बहुतांशी काळ्या बेसाल्ट खडकावर बसलेला. या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात थेंब आटतो तेव्हा पाणी जातं आणि क्षार कडेला गोळा होतात, म्हणून डाग वर्तुळासारखा दिसतो. चहाच्या पातेल्यात आणि गिझरच्या कॉइलवर साचतो तोच हा थर. चुन्याच्या शिंतोड्याला मध्येही जाडी असते, तो नखाला लागतो. माझी वर्तुळं मध्ये रिकामी होती आणि दादांच्या भिंतीपासून दूरच्या बाजूलाही तेवढीच होती. पाहायला डोळे होते. पण मनात उत्तर आधीच ठरलेलं असलं की डोळे त्याचीच साक्ष देतात.

उर्दूत याला बदगुमानी म्हणतात. मराठीत 'संशय' म्हणतो आपण, पण बदगुमानीत एक जास्तीचा अर्थ आहे. पुरावा नसताना समोरच्याबद्दल वाईटच धरून चालणं. मी दोन्ही भाषा शिकवतो आणि वर्गात हा शब्द समजावताना कधी अडलो नाही. घरासमोर मात्र अडलो.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी जिल्ह्याच्या पांढरकवड्याकडच्या भागात काही दिवस शिकवत होतो. वर्गात एका मुलाच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, "दात घासत नाहीस का रे?" वर्ग हसला. त्यानंतर तो मुलगा तोंडावर हात धरून बोलायचा. कितीतरी दिवसांनी कळलं की त्या पट्ट्यात हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. लहानपणी हिरड्यांच्या आत दात तयार होत असताना ते जास्त गेलं तर दातांवर कायमचे डाग पडतात. ते डाग दातांच्या आतून येतात, घासून जात नाहीत. मुलाची त्यात काहीही चूक नव्हती. दोष पाण्यात होता आणि मी मुलाला बोललो. त्याची माफी मागायची राहूनच गेली. गाडीच्या निमित्ताने आज लिहितोय, ते खरं तर त्याच्यामुळे.

ज्यांच्या गाडीवर असे डाग आहेत, त्यांच्यासाठी मी शिकलेलं थोडं सांगतो. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. चमक त्याचीच आणि संरक्षणही त्याचंच. घासणी, भांड्यांची पावडर, खरखरीत फडकं यांचे ओरखडे त्याच थरात बसतात. म्हणून आधी नखाचं टोक अगदी हलकेच डागाच्या कडेवरून फिरवून बघा. नखाला कड लागली तर डाग वर बसलेला आहे. काहीच लागत नसेल तर तो कदाचित आत उतरलाय.

मधमाश्यांचे किंवा पक्ष्यांचे डाग असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर ठेवा. डाग मऊ झाला की रगडू नका, उचलून घ्या. पक्ष्यांच्या विष्ठेला तर उशीर करूच नका. उन्हाने वरचा थर तापून मऊ होतो, वरची विष्ठा वाळून आकसते आणि तिचा ठसा कायमचा उमटतो. पाण्याच्या वर्तुळांना पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी समप्रमाणात मिसळून लावा. बॅटरीचं पाणी म्हणजे ॲसिड नव्हे, बाटली वाचून घ्या. आधी कोपऱ्यात थोड्या जागी लावून पाहा, एक-दोन मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. सिलिकाचा थर असेल तर व्हिनेगरने तो जाणार नाही, तेव्हा जोर लावण्यापेक्षा जाणकाराला दाखवा. संडास साफ करायचं ॲसिड कुणी कितीही खात्रीने सुचवलं तरी गाडीजवळ आणू नका. धुणं सावलीत, सकाळी, गाडीच्या शॅम्पूने करा आणि थेंब वाळण्याआधी मऊ कापडाने टिपून घ्या. पॉलिश सगळ्यात शेवटी, कारण प्रत्येक पॉलिश तो पातळ थर आणखी थोडा झिजवतं.

आता दादांचं. परागकण पाहून आलो त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. फाटकाशी थांबलो नाही, घरात गेलो. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "चूक माझी होती." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. वहिनींनी चहा ठेवला. मग दादा उठून गाडीजवळ आले, मोबाइलचा उजेड बोनेटवर तिरपा धरला आणि मला दाखवलं, "हे पाहा सर, पिवळं गेलं, पांढरं बी गेलं. पण हे गोल-गोल ओरखडे घासणीचे हायेत. हे जाणार नाहीत लवकर."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः कंपाउंड आणलं आणि मऊ पॅडने हलक्या हाताने बोनेट घासून दिलं. बरेचसे ओरखडे गेले. मी म्हटलं, अजून थोडं करा. ते म्हणाले, "राहू द्या सर. जास्त घासलं तं वरचं पातळ होते."

मराठीतला डाग हा फारसीतल्या 'दाग'चाच. दाग देहलवींनी तर शायरीसाठी तेच नाव घेतलं. 'डागडुजी'ही त्याच घरातला शब्द आहे आणि त्यातली 'दुजी' म्हणजे जरदोजीतली दोजी, टाका घालणं. डाग पडतात, टाकेही घालता येतात. पण टाका घातलेली जागा दिसायची ती दिसतेच. संध्याकाळचं ऊन बोनेटवर तिरपं पडतं तेव्हा उरलेले ओरखडे अजून दिसतात. यंदाच्या दिवाळीला चिवडा कुणाच्या हाती येतो, ते मी बघणार आहे.