सोनोग्राफी नॉर्मल, मग दुखतंय कुठून?

उजव्या बरगडीखाली दुखतं म्हणून बाई आली, की आम्हा डॉक्टरांच्या मनात आधी पित्ताचे खडे येतात. सोनोग्राफीत खडे नाहीत, लिव्हरचे रिपोर्ट चांगले. मग अ‍ॅसिडिटीची गोळी आणि 'टेन्शन घेऊ नका'. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणारी डॉक्टर म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, की तरुण बाईचा तपास इथे थांबवू नका.

पंचविशीतली एक बाई कांदालागवडीवरून थेट आली होती. बरगडी हाताने दाबून धरलेली, श्वास अर्धवट घेत होती. खोकली की उजव्या खांद्यापर्यंत कळ जायची. सासूबाईंना बाहेर बसवलं आणि विचारलं, अंगावरून पांढरं जातं का, ओटीपोटात दुखतं का? "जातं की मॅडम, पण ते सगळ्याच बायांना जातं. मला दुखतंय ते इथं वर." आतून तपासताना गर्भाशयाच्या तोंडाला हात लागताच ती कळवळली.

तिच्या दुखण्याचं मूळ खालीच होतं. या आजारात ओटीपोटातला जंतुसंसर्ग गर्भनलिकांवाटे वर सरकून यकृताच्या आवरणापर्यंत पोचतो. सूज आवरणाला येते, यकृत बहुधा ठीक असतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल. डॉ. कर्टिस यांनी 1930 मध्ये यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये व्हायोलिनच्या तारांसारखे धागे पाहिले. 1934 मध्ये डॉ. फिट्झ-ह्यू यांनी दुखण्याचं वर्णन केलं. आजार त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा कारण म्हणून परम्याचे (गनोरियाचे) जंतू दिसले, आज बऱ्याचदा क्लॅमिडिया हा जंतू सापडतो.

वर दुखणारी प्रत्येक बाई याचीच रुग्ण असते असं नाही. खडे, न्यूमोनिया बघायलाच हवेत, आणि गर्भधारणेची तपासणी आधी. नळीत राहिलेला गर्भ जिवावर बेतू शकतो. पण खालचं विचारलंच नाही, तर हा आजार सापडणार कसा? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी-उपचार मिळालेल्या जेमतेम 8 टक्के. हे 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. बायका अंगावर काढतात, हे खरं. पण त्यांना विचारतं कोण?

उपचार साधे आहेत: साधारण दोन आठवडे प्रतिजैविकं. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ती मोफत मिळतात. उशीर झाला तर नळ्या बंद होतात, मूल राहणं अवघड होतं, आणि बोल पुन्हा बाईलाच.

हे जंतू शरीरसंबंधातून लागतात, म्हणून नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, आणि घोडं इथेच अडतं. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो. तो कधीचा, कुणाकडून आला, हे तपासणीतून ठरत नाही. तरीही घरात संशयाची सुई बाईकडेच वळते. म्हणून "त्यांना कसं सांगू?" असं त्या कांदालागवडीवरून आलेल्या बाईने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, तू काही सांगू नकोस, त्यांना माझ्याकडे पाठव. हे बोलणं डॉक्टरचं काम आहे.