फास एकाच्या गळ्याला, आवळतो घरादाराला

कोठे खून पडला आणि वर्तमानपत्रांत ओरड झाली, की पुढारी मंडळी व्यासपीठावर चढून एकच आरोळी ठोकतात, "फाशी द्या!" ही मागणी फुकटची आहे. तिला शाळा काढावी लागत नाही, इमानी फौजदार नेमावा लागत नाही, गरिबास चांगला वकील द्यावा लागत नाही. म्हणूनच ती पुढाऱ्यांस प्रिय. पण शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, हा दोर आजवर कोणाच्या गळ्यात पडत आला, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे काय? तो आज मांडू.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय उघडा. इतर वर्णांस जेथे देहान्त दंड, तेथे ब्राह्मणास केवळ मुंडन! त्याने कितीही पापे केली तरी राजाने त्यास मारू नये, धनासह सुखरूप राज्याबाहेर घालवावे, असा तेथे हुकूम आहे. एकाचे डोके उडायचे, दुसऱ्याचे नुसते केस! याला म्हणे धर्मशास्त्र.

हे पोथीतच राहिले असेही नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादास देहान्त प्रायश्चित्त सांगितले. शास्त्री स्वतः ब्राह्मण असून सत्यास चुकले नाहीत, हे आम्ही आनंदाने कबूल करतो. पण घडले काय? तुळाजी पवार, खरगसिंग असल्या चाकरांस व गारद्यांस प्राणास मुकावे लागले, आणि दादासाहेबांस १७८२ च्या सालबाईच्या तहाने दरमहा २५ हजारांचा तनखा मिळाला! चाकरास मरण, धन्यास पेन्शन.

कोणी म्हणेल, मनू गेला, पेशवाई गेली, आता कायदा सर्वांस सारखा. कागदावर सारखा आहे, खरे. मग दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातील फाशीच्या कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत काय निघाले? शेकडा ७४ कैदी गरिबीने पिचलेले, आणि शेकडा ७६ मागास जातीजमातींचे वा धार्मिक अल्पसंख्याकांचे. खून काय फक्त गरीबच करतात? नाही. पण श्रीमंताचा वकील पहिल्या दिवसापासून उभा असतो, आणि गरिबाचा वकील कागद वाचीपर्यंत साक्षीपुरावा उरकलेला असतो.

आपल्याच महाराष्ट्रातला दाखला घ्या. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडून पाच माणसे मारली गेली. पकडले कोणास? भटक्या जमातीच्या सहा मजुरांस. इंग्रजाने १८७१ मध्ये ज्या जमातींच्या कपाळी कायद्याने 'गुन्हेगार' हा शिक्का मारला, त्यांचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. पोलिसांच्या मनावरून पुसला गेला काय? सेशन कोर्टाने सहाही जणांस फाशी दिली. हायकोर्टाने २००७ मध्ये तिघांची कायम केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांस फाशीच ठोठावली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने फेरविचार करून सहाही जणांस निर्दोष सोडले! वाचलेल्या बाईने पोलिसांकडील फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते, ही गोष्टच दाबून ठेवली होती. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांची भरपाई प्रत्येकी पाच लाख. दिवसाला नव्वद रुपयेही पडत नाहीत. दोर आधीच ओढला असता, तर ही भरपाई कोणाच्या चितेस द्यावयाची होती?

आता घराकडे वळा. महाराष्ट्रात फाशीचे तख्त येरवडा व नागपूर येथे आहे. रत्नागिरीच्या कोण्या कुणब्याची, भंडाऱ्याची, गाबिताची घरवाली वीस मिनिटांच्या भेटीसाठी घाट चढून येरवड्यास जाणार, ती रोजंदारी बुडवून आणि एस. टी. चे भाडे उसने काढून. नागपूर तर तिला परमुलूखच. गुन्हा केला असेल तर नवऱ्याने. पण पोराला शाळेत 'फाशीवाल्याचा' म्हणतात, पोरीचे लग्न मोडते, म्हातारी आई दर तारखेला जिवंतपणी मरते. सरकारने एकाला सजा फर्माविली, भोगतात सहा जण.

९ फेब्रुवारी २०१३ रोजी तिहारमध्ये अफझल गुरूस फाशी दिली. कळविणारे पत्र काश्मिरात त्याच्या बायकोस ११ तारखेस मिळाले! त्याचा गुन्हा कसाही असो, बायकोमुलाचा गुन्हा कोणता? पुढे जानेवारी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बजावले, की दयेचा अर्ज फेटाळल्यावर निदान चौदा दिवस थांबावे, घरच्यांस लेखी कळवावे, अखेरची भेट द्यावी.

"आणि ज्याचा माणूस मारला गेला त्याचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे दुःख आम्ही हलके लेखीत नाही. पण नाशिकच्या त्या बाईस सोळा वर्षांनी काय मिळाले? भलत्यांस फाशी ठोठावून सरकार स्वस्थ बसले, आणि तिने ओळखलेल्या चौघांचा तपास करा, हे कोर्टास २०१९ मध्ये सांगावे लागले. खऱ्या गुन्हेगारास गजाआड कायमचे कोंडा, आम्ही आड येत नाही. मेलेल्याच्या पोरांस भाकर व शाळा द्या. मात्र एक विधवा झाली म्हणून दुसरी विधवा करण्याने पहिलीची चूल पेटत नाही.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत स्वच्छ सांगितले, की अहिंसा मानणाऱ्या या देशाने फाशीची शिक्षा साफ रद्द करावी, हेच योग्य. ज्या इंग्रजाने १८६० चा पिनल कोड लादला, त्याने आपल्या घरी १९६५ मध्ये खुनाची फाशी बंद केली. आम्ही मात्र साहेबाचा टाकलेला दोर कवटाळून बसलो आहोत!

बांधवांनो, कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर दोन कामे आपल्या हातची आहेत. पहिले, गावचा माणूस पकडला गेला की त्याच दिवशी जिल्हा कोर्टातील विधी सेवा प्राधिकरण गाठा. अटकेतल्या माणसास फुकट वकील मिळणे हा १९८७ च्या कायद्याने हक्क आहे, भीक नव्हे. दुसरे, कैद्याच्या घरास गावकीने वाळीत टाकू नये. २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते पापच. त्या घरचे शेत पेरून द्या, पोरांस शाळेत पाठवा. जोतीरावांच्या सत्यधर्मात बापाचे पाप लेकराच्या माथी मारणारा सोवळा न्याय बसत नाही.