खातेदाराला आधी पत्ता वाचायला शिकवा

नोव्हेंबर आला की आमच्या प्रताप नगरातले पेन्शनर हयातीच्या दाखल्याच्या धावपळीत असतात. बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या मेलवर विश्वास बसायला हीच वेळ सोयीची. शेजारच्या काकांनी तसा एक मेल मला दाखवला. वर बँकेचा लोगो, खाली ‘प्रिय ग्राहक, केवायसी अपूर्ण असल्याने आज रात्री 12 वाजता आपले खाते बंद होईल’ आणि एक निळे बटण. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबले, तर कुणाचा तरी खासगी पत्ता निघाला.

माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरवर झाली. केवायसी राहिले म्हणून एका रात्रीत खाते बंद झालेले मी पाहिले नाही. खरी बँक आधी नोटीस देते आणि पासवर्ड किंवा ओटीपी कधीच मागत नाही. घाई करणारा मेल तिथेच संशयास्पद ठरतो.

रिझर्व्ह बँकेने एक चांगले पाऊल उचलले आहे. 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यावीत, असा आदेश तिने दिला. हा पत्ता बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. मात्र तो शेवटी हवा. ‘डॉट बँक डॉट इन’च्या पुढे, पहिल्या तिरप्या रेघेआधी, आणखी एखादा डॉट आणि शब्द असेल तर ते संकेतस्थळ बँकेचे नव्हे. लोगो कुणालाही चिकटवता येतो. म्हणून पत्ता शेवटाकडून वाचावा आणि मेलमधली लिंक न दाबता तो स्वतः टाइप करावा.

पण हे खातेदाराला सांगितले कुणी? ग्राहकाने स्वतःच पासवर्ड दिला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, असे रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते. जबाबदारी खातेदारावर टाकायची, तर त्याला आधी शहाणे करणे हे बँकेचे कर्तव्य आहे. प्रत्येक शाखेच्या दारावर आणि पासबुकच्या पहिल्या पानावर बँकेचा खरा पत्ता ठळक मराठीत छापावा. ग्राहकांना पाठवायच्या मेलमध्ये बँकांनी लिंक देणेच बंद करावे.

तोवर आपण एवढे करू: घरातल्या ज्येष्ठांसोबत बसून त्यांना पत्ता वाचायला शिकवू. आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.