किल्ली एक, हात दहा



आता वस्तीतली वाचनालये, महिला मंडळे, बचत गटही स्वतःची वेबसाईट काढू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण वेबसाईट काढणे सोपे, चारचौघांनी मिळून ती नीट चालवणे अवघड. हे आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. तीच ठेच आपल्याला लागू नये म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाची वेबसाईट एका होतकरू तरुणाने वर्डप्रेसवर तयार केली. पासवर्ड एकच. तो कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. अभ्यासिकेतली मुले, महिला मंडळाच्या ताई आणि आम्ही स्वतः, सगळे त्याच एका नावाने आत जात होतो. एके दिवशी पाहतो तो जुने फोटो गायब! श्रमदानात विटा वाहणाऱ्या आयाबाया, आज हयात नसलेली वडीलधारी माणसे, सारे गेले. वर्डप्रेसमध्ये काढून टाकलेला लेख ३० दिवस कचरापेटीत राहतो, परत आणता येतो. फोटोंच्या संग्रहातून पुसलेला फोटो मात्र सहसा कायमचाच जातो.

कोणी पुसले? सगळ्यांचे नाव एकच, मग कळणार कसे? संशय गेला अभ्यासिकेतल्या सर्वांत लहान मुलावर, कारण तोच जास्त वेळ संगणकापुढे बसायचा. "मी नाही," तो म्हणाला. पण ते पटवून द्यायला त्याच्यापाशी काय होते? त्याने येणेच बंद केले. फोटो गेल्याचे दुःख आहेच, पण हे त्याहून मोठे.

दोष त्या मुलाचा नव्हता आणि यंत्राचाही नव्हता. दोष आमच्या कारभाराचा होता. मंडळाच्या बँक खात्यावर आपण दोन सह्या ठेवतो. चेकबुक कोणी कपाटाला चिकटवत नाही. मग वेबसाईटलाच ही शिस्त का नको?

वर्डप्रेस २००३ साली निघाले. २००५ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या २.० या आवृत्तीपासून माणसागणिक भूमिका ठरवून देण्याची सोय आहे. मुख्य भूमिका पाच. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासक. माणसे घेणे-काढणे, वेबसाईटचे रूप बदलणे, सारे त्याच्या हाती. एडिटर सर्वांचे लेख तपासतो, दुरुस्त करतो, छापतो. ऑथर फक्त स्वतःचे लेख आणि फोटो टाकतो. कॉन्ट्रिब्युटर लिहून ठेवतो, पण छापण्याचा निर्णय दुसऱ्याचा. फोटो चढवणे-पुसणेही त्याला जमत नाही. सबस्क्रायबर केवळ वाचक. आमच्या त्या मुलाला कॉन्ट्रिब्युटर केले असते, तर त्याच्यावर आळ येण्याचा प्रश्नच नव्हता.

ज्याला जेवढे काम, तेवढाच अधिकार. हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकतज्ज्ञांनी १९७५ साली आपल्या निबंधात मांडले. कोणी म्हणेल, "आमच्यावर विश्वास नाही का?" आमचे उत्तर असे की हा अविश्वास नव्हे. अधिकार बेताचा असला की चुकीचे नुकसानही बेताचे होते आणि निरपराध माणूस सुटतो.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. प्रत्येकाचे खाते वेगळे, पासवर्ड वेगळा. मग लेखात कोणी, कधी बदल केला याची नोंद राहते. प्रशासक दोनच ठेवा. एक नको, कारण तो नोकरीला परगावी गेला तर दारच बंद. निदान एका प्रशासकाच्या खात्याला संस्थेचा ईमेल जोडा, कोणा एकाचा घरगुती नको. पासवर्ड विसरला तर नवा करण्याची वाट त्याच ईमेलवर येते. आणि कोणी संस्था सोडली की त्याचे खाते त्याच आठवड्यात काढा. काढताना वर्डप्रेस विचारते, याचे लेख पुसायचे की दुसऱ्याच्या नावे करायचे? तिथे घाई केलीत तर त्याची सारी मेहनत पुसली जाईल.

आम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. त्याच्या आईसमोर आमची चूक कबूल केली. ती माउली एवढेच म्हणाली, "आधी विचारायला हवं होतं, दादा." आज त्याचे स्वतःचे खाते आहे, त्याच्या लेखाखाली त्याचे नाव असते. कपाटावरचा तो कागद आम्ही फाडून टाकला.

येत्या बैठकीत आपणही एक प्रश्न विचारा: आपल्या वेबसाईटची किल्ली कोणाकोणाकडे आहे? उत्तर द्यायला कोणी अडखळले, तर त्याच दिवशी कामाला लागा.