लाल, पिवळा आणि बाबांचा हप्ता

महिन्याची २८ तारीख. अंधेरीहून बोरिवली फास्ट कशीबशी पकडली, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात मोबाइल. बाबांचा फोन. ''अगं, माझ्या एलआयसीचा हप्ता भरलास ना? यंदा मी भरते म्हणाली होतीस.'' मी झोकात म्हटलं, ''हो बाबा!'' आणि गोरेगाव मागे पडायच्या आत घाम फुटला. भरलाच नव्हता!

तारीख माझ्याकडे नव्हती असं नाही, बॉस. एक्सेलमध्ये होती. 'सगळं' नावाची फाइल आहे माझी. लेखांच्या डेडलाइन्स, येणं असलेले चेक, फोनचं बिल, बाबांचा हप्ता. साठेक ओळी, सगळ्या काळ्या. कोण बघणार?

घरी पोचून हिशेब केला. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत मिळते (मासिक असेल तर १५च). माझे २४ संपले होते. अजून सहा दिवस झोपले असते, तर बाबांची पॉलिसी लॅप्स! आधी ऑनलाइन हप्ता भरला, मग फाइल उघडली.

फंडा सोपा आहे. 'बी' कॉलममध्ये देय तारीख, 'सी'मध्ये काम झाल्याची खूण. दुसऱ्या ओळीपासून सगळं सिलेक्ट करा. 'होम', 'कंडिशनल फॉरमॅटिंग', 'न्यू रूल', आणि शेवटचा फॉर्म्युलावाला पर्याय. तिथे (अर्थात इंग्रजी अक्षरांत) लिहा:

=अँड($बी२<>"",$बी२<टुडे(),$सी२="")

रंग द्या लाल. म्हणजे तारीख उलटली, काम बाकी. दुसरा नियम पिवळा, येत्या सात दिवसांसाठी:

=अँड($बी२>=टुडे(),$बी२<=टुडे()+७,$सी२="")

डॉलरमुळे अख्खी ओळ रंगते. 'टुडे' रोज स्वतःच बदलतं, त्यामुळे फाइल उघडली की रंग ताजे. आणि ती पहिली अट विसरू नका. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला आकडा, आणि रिकामा चौकोन म्हणजे शून्य. अट नसेल तर ज्या ओळीत तारीखच नाही, तीही लाल होते. तारीख चौकोनात डावीकडे चिकटलेली दिसली तरी सावध व्हा. बहुतेक वेळा ती तारीख नसते, नुसती अक्षरं असतात. त्यांना रंग चढत नाही.

माझ्या शीटवर सात ओळी लाल झाल्या. पाच वेळा मनातल्या मनात संपादकांना शिव्या घातल्या, पैसे देत नाहीत म्हणून. मग सहावी आणि सातवी ओळ नीट वाचली. त्या दोन लेखांची बिलं मी पाठवलीच नव्हती! तीन महिने 'पेमेंट येत नाही' म्हणून कटिंगवर रडत होते, ते कुणाच्या जिवावर?

सकाळी बाबांना खरं सांगितलं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ''पावती दाखव.'' दाखवली. चष्मा पुसत त्यांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, ''त्या फाइलमध्ये माझी गाडीच्या इन्शुरन्सची तारीखपण घाल.''

घातली. तूर्तास पांढरी आहे.