कॉलच्या अलीकडचं माणूस

ताप आला की आपण लगेच दवाखाना गाठतो. महिनाभर झोप उडाली, तर मात्र 'जरा फिरून ये' म्हणतो. त्यात तालुक्याच्या हॉस्पिटलात मानसोपचारतज्ज्ञ सहसा नसतोच. मग व्हिडिओवर डॉक्टर का नको? मी सॉफ्टवेअरमधला, म्हणून खात्रीनं सांगतो: व्हिडिओ जोडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग.

चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेनं २०१० च्या सुमारास पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या गावांत बस फिरवायला सुरुवात केली. बसमधल्या पडद्यावर चेन्नईचे डॉक्टर पेशंटशी बोलत. औषधं तिथंच, बसमध्ये मिळत, आणि स्थानिक कार्यकर्ते पुढची विचारपूस करत. कॉल काही मिनिटांचा, गोळ्या कित्येक महिन्यांच्या. छोट्या हॉस्पिटलात स्क्रीन लावताना औषधांचं कपाट आणि पाठपुरावा करणारी नर्स आधी हवी, ती यासाठी.

घरीही तेच. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, आणि तिच्या भाषांत मराठीही आहे. घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर नंबर नुसता फॉरवर्ड करू नका. शेजारी बसा, फोन लावून द्या, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.