विश्लेषण : मालिका संपल्या, तरी गुंड्याभाऊ आणि इंद्रवदन का संपत नाहीत?

२०२५ मध्ये अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने दोन अभिनेते गेले. ऑगस्टमध्ये बाळ कर्वे आणि ऑक्टोबरमध्ये सतीश शाह. दोघांची कारकीर्द अनेक दशकांची. पण बातमी कळताच अनेकांच्या तोंडी आले ते ‘गुंड्याभाऊ गेले’ आणि ‘इंद्रवदन गेला’. ‘चिमणराव’ मालिका सत्तरच्या दशकाच्या अखेरची, तर ‘साराभाई वर्सेस साराभाई’ची मूळ मालिका २००६ मध्येच थांबली. तरीही ही पात्रे टिकली कशी? आणि आज तशी नवी पात्रे क्वचितच का घडतात?

ही पात्रे आली कुठून?

बहुतेक कागदावरून. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही चि. वि. जोशी यांची निर्मिती. जोशींचे निधन १९६३ मध्ये झाले आणि मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी पडद्यावर आणलेली ही जोडी त्याआधी कित्येक वर्षे मराठी घरांत वाचली जात होती.

पुढेही हेच दिसते. १९८४ मधील ‘ये जो है जिंदगी’चे लेखन शरद जोशी यांचे. हे शेतकरी नेते नव्हेत, तर हिंदीतील नामवंत व्यंगकार. १९८८ च्या ‘वागळे की दुनिया’मागे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण होते. २००१ मध्ये अल्फा मराठीवर आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या पुस्तकावर आधारलेली. आणि ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’चा उगम गुजराती ‘चित्रलेखा’ साप्ताहिकातील तारक मेहता यांच्या सदरात आहे.

कॅमेरा सुरू होण्याआधीच या लोकांचे स्वभाव पक्के झालेले होते. पात्राला कशाचा राग येतो, ते कुठे बढाई मारते आणि कुठे शेपूट घालते, हे लेखकाला ठाऊक होते. अभिनेत्याला तयार माणूस मिळाला. विनोदी मालिकेची खरी पुंजी हीच.

पात्र लक्षात राहण्याचे सूत्र काय?

स्वभाव कायम आणि अडचण दर आठवड्याला नवी. भाग संपला की सगळे पुन्हा मूळ जागी. ‘ऑफिस ऑफिस’मधला मुसद्दीलाल (पंकज कपूर) दर भागात नवे काम घेऊन सरकारी कार्यालयात जातो आणि तीच माणसे त्याला आपापल्या पद्धतीने अडवतात. समोसा खाणारा भाटिया बदलत नाही, आसावरी जोशींच्या उषा मॅडमही बदलत नाहीत. प्रत्यक्ष आयुष्यात अनुभवातून शिकणे हा गुण, पण इथे कोणी शिकले तर मालिकाच संपेल.

सतीश शाह यांचे उदाहरण बोलके आहे. ‘ये जो है जिंदगी’त ते जवळपास प्रत्येक भागात वेगळ्या भूमिकेत दिसले. प्रेक्षकांनी दाद दिली ती त्यांच्या अभिनयाला, पण त्यातल्या किती पात्रांची नावे आज आठवतात? वीस वर्षांनी त्यांनी एकच इंद्रवदन साकारला. बायकोची खोड काढणारा आणि सूनबाईच्या बाजूने उभा राहणारा हा सासरा लोकांना नावानिशी लक्षात राहिला.

दुसरी गोष्ट अडचणीच्या आकाराची. वागळे हा साधा नोकरदार. त्याचे प्रश्न छोटे असत, म्हणूनच ते पाहणाऱ्याच्या घरातही असत. टिपऱ्यांच्या घरी आबांपासून शिऱ्यापर्यंत तीन पिढ्या एका छताखाली, आणि एवढ्यावर मालिका चार वर्षे चालली. ‘हम पांच’मध्ये (१९९५) अशोक सराफांच्या आनंद माथुरला पाच मुली, सध्याची पत्नी आणि भिंतीवरच्या तसबिरीतून बोलणारी दिवंगत पत्नी (प्रिया तेंडुलकर) यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागे. तसबीर बोलते ही कल्पना अचाट, पण पेच नेहमीचाच : घरात आपले कोणी ऐकत नाही.

तेव्हा दुसरा पर्याय नव्हता, म्हणून लक्षात राहिले?

हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दूरदर्शनच्या काळात शुक्रवारी रात्री ‘ये जो है जिंदगी’ लागली की सारे शहर तेच पाहत असे, कारण दुसरी वाहिनीच नव्हती. त्या मालिकांना आठवणींची साय लागलेली आहे, हे मान्य करायला हवे.

मात्र ‘साराभाई’ला हा आक्षेप लागू होत नाही. २००४ मध्ये ती आली तेव्हा वाहिन्यांची रेलचेल होती, सासू-सुनांच्या मालिका जोरात होत्या आणि या मालिकेला टीआरपी बेताचाच मिळाला. सुमारे ७० भागांत ती आटोपली. पुनर्प्रक्षेपण आणि इंटरनेटमुळे तिचा प्रेक्षक नंतर वाढला. इतका, की २०१७ मध्ये तीच मंडळी वेब मालिकेत परतली. मोनिशाच्या काटकसरीला ‘मिडल क्लास’ म्हणून नाक मुरडणारी माया (रत्ना पाठक शाह) आज अशा मुलांनाही माहीत आहे, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पहिल्या आठवड्याचा टीआरपी पात्राचे आयुष्य सांगू शकत नाही, हे यातून दिसते.

मग बिघडले कुठे?

साधा हिशेब करून पाहू. आठवड्याला एक भाग असेल, तर वर्षाला ५२ कथा लागतात. आठवड्याला पाच भाग असतील, तर २६०. ‘साराभाई’चे सगळे भाग या गतीने दाखवले, तर मालिका १४ आठवड्यांत संपेल. ‘तारक मेहता’ने जुलै २००८ पासून चार हजारांहून अधिक भाग केले आहेत. दिलीप जोशींचा जेठालाल मोठाच आहे आणि जेवताना साऱ्या कुटुंबाला एकत्र पाहता येईल असे काहीतरी या मालिकेने दिले, हेही खरे. पण एवढ्या कथा रोज कोणाला सुचणार? मग एका भागाची अडचण आठवडाभर ताणली जाते आणि प्रत्येक चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा जातो. जेठालालचा पाया सुरुवातीच्या वर्षांतला, आणि त्यामागे मेहतांचे लेखन होते.

मराठीत विनोदी कलाकारांची वानवा नाही. ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी ते सिद्ध केले. पण तो प्रहसनांचा प्रकार आहे. पात्र काही मिनिटांत हसवून निघून जाते. काही पात्रे पुन्हा येतातही, पण त्यांना टिपऱ्यांसारखे घर, शेजार आणि उद्याची काळजी मिळत नाही. रील्सचेही तेच. अर्ध्या मिनिटाची क्लिप हसवते, कारण माया आणि मोनिशा कोण हे आपल्याला आधीच माहीत असते. रील हे व्याज आहे, मुद्दल जुन्या मालिकांनी जमवलेले.

जुने सगळेच सोने होते का?

नाही. जाडेपणा, बोलण्याची ढब, लग्न न जमणे यांवरचे बरेच विनोद आज खटकतात. पाच मुलींचा बाप म्हणजे बिचारा, हे गृहीतकही आता हसण्यावारी नेता येत नाही. त्या मालिका जशाच्या तशा परत आणण्यात अर्थ नाही. २०२१ मध्ये वागळे कुटुंब नव्या पिढीसह परतले. त्याचे स्वागत झाले, पण जुन्या नावाचा आधार घ्यावा लागणे हीसुद्धा एक कबुलीच आहे.

मार्ग काय?

घ्यायचे आहे ते त्या मालिकांचे वेळापत्रक. २०२० मध्ये आलेल्या ‘पंचायत’ने चार पर्वांत प्रत्येकी आठ, म्हणजे एकूण ३२ भाग केले. तेवढ्यात प्रल्हाद आणि ‘बनराकस’ घराघरांत पोहोचले. लेखकाला वेळ मिळाला की पात्र आजही जन्माला येते.

मराठी वाहिन्यांनी आठवड्यातून एक रात्र, वर्षाला २६ भाग आणि आधी पूर्ण लिहून झालेली संहिता एवढा प्रयोग करून पाहायला हवा. पहिल्या महिन्यात आकडे कमी आले म्हणून तो गुंडाळू नये. दुसऱ्या मराठी भाषिकासमोर नुसते ‘आबा टिपरे’ म्हटले की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. अशी सामाईक ओळख देणारे नवे नाव या पिढीला द्यायचे असेल, तर सुरुवात लेखकाच्या टेबलापासूनच करावी लागेल.